चौथाई घेर

पांढरे सरांच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्याचं वजन सांगत. पुस्तक दिलं तर वजन, पेरू दिला तर वजन. आमच्या धाकटीला बारशाच्या दिवशी त्यांच्या मांडीवर दिली, तर "दोन किलो नऊशे. जरा कमीच हाय," असं भर बायकांत सांगून मोकळे झाले. माझी बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. दवाखान्यातल्या काट्यावर पोरगी दोन किलो नऊशेच भरली, हे तिने मला सांगितलं, त्यांना नाही.

परभणीच्या आमच्या कॉलेजात मी सांख्यिकी शिकवत असे आणि ते वनशास्त्र. ज्या जिल्ह्यात जंगल म्हणजे बांधावरच्या दोन बाभळी आणि त्यांच्याकडे मान वर करून बघणारी शेळी, तिथे वनशास्त्राचा मास्तर नेमलाच कशाला, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत. मी जरा जास्तच म्हणत असे, कारण खोल्या कमी पडल्या म्हणून त्यांना माझ्याच खोलीत बसवलं होतं. ते आले ते पाच पत्र्याच्या ट्रंका घेऊन. मला वाटलं पुस्तकं असतील. उघडल्या तर आत लाकडाचे तुकडे, हातात मावतील एवढे, प्रत्येकावर आकडा कोरलेला. त्या लाकडांच्या वासाने मला महिनाभर शिंका येत होत्या.

सर ताडकळसजवळच्या एका धनगर घरातले. वडील आणि थोरला भाऊ मेंढरं राखायचे. हे शिकले, आणि शिकून गेले ते थेट अंदमानात, जंगलाच्या नोकरीवर. तिथल्या पावसात अठरा वर्षं काढून ते परत आले तरी बोली मात्र ताडकळसचीच राहिली. उंच, हडकुळा माणूस. शर्टाचं दुसरं बटण कायम तुटलेलं. झाडाचा घेर छातीएवढ्या उंचीवर मोजायचा असा नियम आहे, आणि सरांची ती उंची बरोबर दुसऱ्या बटणावर यायची. पाथरीच्या रस्त्याने सायकलवरून जाताना एखादा कडुनिंब दिसला की उतरायचे, टेप घेऊन त्याला मिठी मारायचे आणि बटण सालीला घासायचं. पोरं त्यांना 'घनफूट' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "चुकीचं हाय. घनमीटर म्हणा," एवढीच त्यांची तक्रार असायची.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला कळायला वर्ष लागलं. मी विचारलंच नव्हतं, हेही खरं. अंदमानातल्या जंगलातून ओंडके निघत, ते डेपोत येत, आणि डेपोच्या वहीत प्रत्येक ओंडक्याचं आकारमान लिहिलं जाई. सरांनी त्या वह्यांची वर्षानुवर्षांची नक्कल उतरवून आणली होती. त्यावरून त्यांना काढायचं होतं ते वेगळंच. ओंडका होण्याआधी ते अख्खं झाड किती वजनाचं होतं, हे त्यांना हवं होतं.

"वहीत लाकूड हाय, सर. लाकूड म्हंजे झाड न्हाई," ते म्हणत. "शेंडा कुटं गेला? फांद्या? साल? बुंध्याला भिंतीवानी फाटे असतेत, त्यांच्याआड माणूस उभा ऱ्हातो, ते कुटं लिव्हलेत? मुळ्या? ते सगळं तिथंच कुजलं. वहीत त्याचा एक शबुद न्हाई."

यावर त्यांची रीत अशी होती. नोकरीत असताना त्यांनी अकरा झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत तुकडे करून मजुरांकरवी तोलून घेतली होती. पानंसुद्धा पोत्यात भरून तोलली. त्या अकरा झाडांच्या ओंडक्यांचं डेपोच्या वहीतलं आकारमान एका बाजूला आणि अख्ख्या झाडाचं वाळलं वजन दुसऱ्या बाजूला ठेवलं की एक पट निघते. ती पट सगळ्या वह्यांना लावायची, की गेलेल्या जंगलाचं वजन हातात येतं. ट्रंकेतले तुकडे कशासाठी, तर कुठल्या जातीचं लाकूड वाळल्यावर किती भरतं, हे काढायला. गर्जन, पडौक, धूप, पापिता अशी नावं ते घरच्या माणसांची घ्यावीत तशी घेत.

"ओलं वजन लबाड असतंय," हे त्यांचं पालुपद. म्हणून तुकडे भट्टीत वाळवायचे, रोज तोलायचे, आणि वजन उतरायचं थांबलं की तो आकडा धरायचा. हे काम सखाराम करत असे. सखाराम आमच्या प्रयोगशाळेतला परिचर. कामाला चोख, बोलायला कमी. वीज गेली की भट्टी गार पडायची आणि तुकडे हवेतलं पाणी पुन्हा पिऊन घ्यायचे. मग परत पहिल्यापासून. परभणीत वीज किती वेळा जायची ते परभणीकरांना सांगायला नको. भट्टी बिघडली तेव्हा सरांनी काही तुकडे घरी नेऊन पंख्याखाली मांडले. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, माझ्या बायकोपाशी म्हणाल्या, "आमच्या घरी लाकडाला पंखा लागतो बाई, माणसाला न्हाई लागत."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात काय झालं ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायची गरज नाही, आणि तरुणांना कुणी सांगत नाही. सखारामच्या गावात त्यांची दलित वस्ती जाळली. आम्ही परभणीत दारं लावून बसलो. मीही बसलो होतो. सखाराम ज्या दिवशी कामावर आला नाही त्या दिवशी तो का आला नाही हे मला माहीत होतं, आणि मी हजेरीच्या कागदावर त्याच्या नावापुढे रजा लिहून गप्प राहिलो. याची लाज मला आजही वाटते.

पांढरे सर त्याच्या गावी गेले. हे मला सखारामने बऱ्याच वर्षांनी सांगितलं, सरांनी कधीच नाही. मातीच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. पंचनाम्याला आलेला माणूस दोन अर्धवट जळालेल्या तुळया लिहून घेऊन निघाला होता. सर भिंतीवर चढले, तुळयांची टोकं जिथे बसवलेली असतात त्या भोकांत हात घालून टेप लावू लागले, आणि वरून ओरडून सांगू लागले. इथे तुळई होती, एवढ्या जाडीची, बाभळीची. इथे दुसरी, लिंबाची.

"कशावरून बाभळीची?" तो माणूस म्हणाला.

"भोकात साल अडकलीय. या, बघा."

"सर, जे हाय ते लिव्हायचं असतंय. नसलेलं कसं लिव्हू?"

"नसलेलंच लिव्हायचंय की! असलेलं ह्या लोकांपाशी हायच!"

तो काही लिहिणार नव्हता, आणि त्याने लिहिलं नाही. सरांनी स्वतःच एका कागदावर पंधरा घरांच्या गेलेल्या लाकडाची यादी केली, खाली सही केली आणि सखारामकडे दिली. तो कागद कुणी घेतला नाही. सखाराम म्हणाला, "सर भिंतीवरून उतरले तवा दोनी हात काळे झालते. मी पाणी घालतो म्हन्लो, तर नगं म्हन्ले. तसेच येष्टीत बसले."

यावरून कुणी त्यांना थोर वगैरे समजू नये. स्वभाव तिरसट. परीक्षेला उत्तरात चूक सापडली की मुलाला उभं करून त्याच्या बापाचं गाव विचारायचे. स्टाफरूममधला चहा कधी प्यायचे नाहीत, वर्गणीही द्यायचे नाहीत. माझ्या विषयाबद्दल त्यांचं मत असं की, ज्याला मोजायचा कंटाळा येतो तो सरासरी काढतो. मी चिडायचो. पण गणित अडलं की माझ्याच टेबलावर येऊन बसायचे, आणि मीही ते सोडवून द्यायचो.

एकदा उन्हाळ्याच्या परीक्षांत आम्ही दोघं एकाच हॉलवर पर्यवेक्षक होतो. पोरं लिहीत होती. सर खिडकीशी उभे होते, आणि न विचारता हळू आवाजात बोलू लागले. अंदमानात त्यांचं काम झाडाला हातोडा मारायचं होतं. पाडायचं झाड निवडायचं, बुंध्याशी साल थोडी तासायची आणि तिथे हातोड्याने खूण उमटवायची. खूण असलेलं झाड पाडायला कायद्याची हरकत नसे. पण तिथे झाडं वेलींनी एकमेकांना बांधलेली. एक पडलं की शेजारची तीनचार ओढून घेऊन पडायची. त्यांच्यावर खूण नसायची, म्हणून ती वहीतही नसायची.

"पाठक सर, मी अठरा वर्सं हातोडा मारला. पोटासाठी मारला. त्याचं मला कुणी काही म्हन्लं न्हाई, बढती दिली. आता मला एवढंच कळायला पायजे, की मी किती पाडलं. जास्त असू द्या, कमी असू द्या. मारणाऱ्याला निदान वजन तरी ठावं पायजे."

मी म्हणालो, "कळेल की. वर्षभरात कळेल." एका पोराने पुरवणी मागितली आणि बोलणं तिथेच थांबलं. पण त्या दिवसापासून त्यांचं गणित मला विनोदी वाटेनासं झालं.

हे सगळं सरांच्या पीएच.डी.च्या प्रबंधात जायचं होतं, आणि तो प्रबंध औरंगाबादला द्यायचा होता. नामांतराच्या त्या वर्षांत आज मोर्चा, उद्या बंद, एसटी चालेल तो दिवस खरा. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. सरांची निवृत्ती जवळ आलेली. तरी आठ प्रकरणं टंकून तयार होती, तुकडे सगळे वाळून तोलून झाले होते, राहिला होता शेवटचा गुणाकार. तो मी आणि त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत बसून करायचा असं ठरलं. सर त्या दिवसांत शीळ घालत वर्गात जायचे. मुलं घाबरली.

सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात ते म्हणाले, "ताडकळसच्या बाजाराला चला. तुमाला घोंगडी पायजे होती ना? आमच्या भावाकडून घ्या, नकली निघणार न्हाई." भावाने म्हणे बांधावरच्या दोन बाभळी लाकूडवाल्याला दिल्या होत्या, त्या मोजायलाही जायचं होतं.

थोरला भाऊ म्हाळू सरांहून दहा वर्षांनी मोठा, अंगावर कांबळं, हातात काठी. बाभळी पाडून ओंडके शेतात पडले होते. लाकूडवाला आपला मुकादम घेऊन आला होता. त्याने सुतळी काढली, ओंडक्याला गुंडाळली, मग त्या सुतळीची चार पदरी घडी केली आणि ती घडी मोजली. चौथाई घेर. त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं, झालं आकारमान. लाकडाच्या धंद्यात ही फार जुनी चाल आहे. यात खरं आकारमान मोजलंच जात नाही, रुपयातले एकवीस पैसे गळतात. साल, तिरपेपणा, कापताना जाणारा भुसा, या नावाखाली ते घेणाऱ्याचे होतात.

सर खवळले. "घडी कामून घालायलाव? ओंडका गोल हाय का चौकोनी?"

म्हाळू म्हणाला, "जाऊ दे रं खंडू. बाजारचा दिस हाय, त्याला जायचंय."

"सर, माझ्या आज्यापून हेच चालू हाय," लाकूडवाला हसत म्हणाला. "आन् सरकारी डेपोत काय येगळं हाय व्हय? तिथल्या लिलावातून आणलेला टेप हाय माझ्यापाशी. त्याच्यात तर घडीबी घालायला लागत न्हाई." त्याने मुकादमाच्या पिशवीतून एक जुना कापडी टेप काढला. तो घेराला गुंडाळला की सरळ चौथाईच वाचता येईल असे आकडे त्यावर छापलेले होते, आणि कडेला एक बारीक लाल रेघ होती.

सरांनी टेप हातात घेतला. मला वाटलं, आता लाकूडवाल्याची खैर नाही. पण ते टेप उलगडत राहिले, उलगडत राहिले, पार टोकापर्यंत. मग तिथेच ओंडक्यावर बसले. म्हाळूने विचारलं, "काय झालं? चक्कर आली का?" त्यांनी मान हलवली. बाभळीचं मोजमाप लाकूडवाल्याच्या रीतीनेच झालं, सर शेजारी बसून होते आणि त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितलं. अंदमानच्या डेपोत मोजणीला जोसेफ नावाचा माणूस होता, राँचीकडचा. सरळ माणूस, सरांचा मित्र. त्याच्या हातात लाल रेघेचा टेप सरांनी कितीदा पाहिला होता. मेट्रिकचा हुकूम आल्यावर नवे टेप आले, तेव्हा सर धरून चालले की आता सगळ्यांनी खरा घेर घ्यायला सुरुवात केली. जंगलात ते स्वतः नव्या टेपने मोजत. पण वह्या डेपोच्या होत्या, जोसेफच्या हातच्या, आणि वहीत घेर लिहीत नसत. फक्त शेवटचं आकारमान लिहीत. अकरा झाडांचे ओंडकेही त्याच वहीत चढले होते.

"जोसेफनं जुनाच टेप वापरला असंल तर?" सर म्हणाले.

मी म्हणालो, "असेल तर सगळीकडे तोच असेल. अकरा झाडांनाही तोच, म्हणजे पट चुकत नाही. काळजी करू नका."

"आन् कदी हा, कदी तो, असं असंल तर?"

माझ्या मांडीवर घोंगडी होती, तिचे दोरे ओढत बसलो. असं झालं असेल तर काय, हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं. कुठला आकडा खरा आणि कुठला पाचव्या हिश्श्याने कमी, हे सांगणारं जगात काही उरलेलं नव्हतं.

त्यांनी जोसेफला पत्र लिहिलं. दिवाळी गेली. उत्तर यायला अडीच महिने लागले, आणि तेवढ्या दिवसांत मी त्या वह्यांच्या मागे लागलो. सांख्यिकीचा माणूस आहे, फुशारकी मारली होती की आकड्यांतूनच काढून देतो. दोन टेपांची दोन टोळकी कुठेतरी वेगळी दिसतील, अशी माझी समजूत. रविवारचे रविवार गेले. पण जंगलातली झाडं आधीच इतकी लहानमोठी की त्या गोंधळात पाचवा हिस्सा कुठे लपला ते सापडेना. सर रोज सकाळी खोलीत आले की माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि विचारायचे नाहीत. त्यांचं ते न विचारणं मला असह्य व्हायला लागलं. एकदा मी त्यांच्यावर ओरडलोही. ते म्हणाले, "ओरडा. मलाबी कुणावर तरी ओरडू वाटतंय, पर कुणावर ओरडू?"

जोसेफचं पत्र त्याच्या मुलीने लिहून दिलं होतं, हिंदीत. त्याला आता दिसत नव्हतं. त्याचा मजकूर असा होता: साहेब, दोन्ही टेप माझ्यापाशी होते. नवा चांगला होता, पण पावसात त्याचे आकडे धुवून जायचे. मग दुसरा येईपर्यंत मी जुन्याने काम भागवायचो. दुसरा कधी आठवड्याने यायचा, कधी पावसाळा संपल्यावर. कुठल्या दिवशी कुठला होता ते देवाला माहीत. तुम्ही मला तेव्हा विचारलं असतं तर मी लिहून ठेवलं असतं. मुलांना आशीर्वाद.

सरांनी पत्र सखारामला वाचून दाखवलं, मला नाही. मी पलीकडच्या टेबलावर होतो. "तुमी तेव्हा विचारलं असतं" या ओळीवर ते थांबले आणि ती ओळ पुन्हा वाचली. सखाराम हातातला तुकडा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "सर, आपुन तोललं ते तर खरं हाय ना? तुकडे तर खरे हायत?" सर म्हणाले, "तुझं सगळं खरं हाय, सखाराम. चूक माझ्याकडं हाय." सखाराम दिवसभर प्रयोगशाळेतून बाहेर आला नाही.

औरंगाबादचे मार्गदर्शक भले गृहस्थ होते. मीच सरांना घेऊन गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात एवढं काय? मर्यादा म्हणून तळटीप द्या. कुणी विचारणार नाही."

"तळटिपीत केवढं जंगल बसंल, सर?" पांढऱ्यांनी विचारलं. ते चिडून बोलत नव्हते, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मार्गदर्शकांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी शेवटचं प्रकरण दोन आकडे देऊन लिहिलं. ती अकरा झाडं तेवढी चौथाईने आणि बाकी सगळं खऱ्या घेराने मोजलं असेल तर इतकं, उलट असेल तर तितकं. दोहोंत टनांचं इतकं अंतर होतं की मी ते वाचून कागद खाली ठेवला. शेवटचं वाक्य त्यांनी आपल्या हाताने घातलं होतं: या दोन आकड्यांच्या मधलं जंगल मी पाडलं की नाही, हे मला सांगता येत नाही. मार्गदर्शक म्हणाले, प्रबंध असा संपत नसतो. वाक्य काढा, एक आकडा धरा. सरांनी मुदतीच्या दिवशी प्रबंध दिला नाही. एसटी चालू होती, मी सुट्टी काढली होती, वहिनींनी दशम्या बांधून दिल्या होत्या. ते स्टँडपर्यंत आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." दशम्या आम्ही तिथल्याच बाकावर बसून खाल्ल्या.

निवृत्तीनंतर ते ताडकळसला गेले. ट्रंका प्रयोगशाळेतच राहिल्या, सखाराम त्यांना वाळवी लागू देत नसे. मी वर्षातून एकदोनदा जायचो. सर बांधावर बसलेले असायचे, समोर तेच दोन आकडे लिहिलेला कागद. काय करताय विचारलं तर म्हणायचे, "बघायलो." वहिनी मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "भावजी, तुमी तरी ह्यांना सांगा. जेवताना मधीच थांबतेत आन् इचारतेत, बरुबर कोणता असंल?" मी काय सांगणार होतो? मी सांगायचो, प्रकृतीला जपा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्यांना परभणीला दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला तो तोच आठवडा. चौकाचौकांत पोलीस, दुकानं अर्ध्या फळीवर. मी सकाळी अकराच्या सुमाराला पोचलो तर सखाराम आधीच उशाशी बसलेला. तोही आता पिकला होता. त्याला गावाकडून निरोप आला होता की दोन दिवस घराबाहेर पडू नका, तरी हा कॉलेजातून चालत आला होता. मी म्हणालो, "झालं एकदाचं." तो म्हणाला, "झालं, सर. जेवढं झालं तेवढं." आणि सरांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

सरांना बोलायला दम लागत होता. डोळे मात्र स्वच्छ होते. मला जवळ बोलावलं.

"पाठक सर, तुमी गणितवाले. आता मला एकच आकडा सांगा. दोन घेऊन मला जाता येईना."

इतक्या वर्षांत मी वर्गात हजार वेळा सांगितलं असेल, की जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणू नये. पण समोर माणूस जायला निघालेला होता. मी फारसा विचार केला नाही. दोघांतला लहान आकडा सांगितला. सांगताना आवाज पक्का ठेवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो कमीचा हाय."

"बरोबर तोच आहे, सर. मी पुन्हा काढून पाहिलं."

"तुमाला खोटं बोलायला जमंना," ते म्हणाले. मग दम घेऊन, "कमी करून कुणाला फायदा हाय? जे पडलं ते पडलंय. दुसरा सांगा."

वहिनी पायाशी उभ्या होत्या. सखारामने मान खाली घातली होती. मी मोठा आकडा सांगितला. सर ओठ हलवत तो स्वतःशी म्हणाले, एकेक अंक, सावकाश. "हां," म्हणाले. "लिव्हा."

मी औषधांच्या चिठ्ठीच्या पाठीवर तो आकडा लिहिला आणि त्यापुढे टन लिहिलं. त्यांनी हात पुढे केला. सखारामने पेन दिलं आणि मनगट धरून ठेवलं. त्यांनी सही केली, पूर्ण नावाची. चिठ्ठी माझ्या हातात देऊन ते भिंतीकडे वळले.

मी दारापर्यंत आलो आणि मागे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मी परत आत जायला निघालो, तर वहिनींनी हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," त्या म्हणाल्या. "रडू द्या त्यांना. आज कळलंय त्यांना."